हरण्याचे मोल : खासबागेतील 'नुरा' आणि अमेरिकेतील 'ड्राफ्ट'

कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात एक शब्द असा आहे, की तो प्रेक्षकांतून एकदा उच्चारला गेला म्हणजे पुन्हा मागे घेता येत नाही. मोठ्या जोडीची कुस्ती लागलेली असते. हलगी घुमत असते. मल्ल सलामी देतात, एकमेकांच्या मानेवर हात टाकतात आणि खडाखडी सुरू होते. पाच मिनिटे जातात, दहा जातात. कुणी पटात शिरत नाही, शिरलाच तर समोरचा सहज निसटतो आणि दोघे पुन्हा मैदानाच्या मध्यभागी येऊन उभे राहतात. मग गर्दीतून कुणीतरी ओरडतो, "नुरा हाय ही!" त्या क्षणापासून पुढे काहीही घडले तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. कुस्ती खरी असली तरी बसत नाही.

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. कुणी पडायचे हे ठरलेले असेल, किंवा कुणीच पडायचे नाही हे ठरलेले असेल. आता हा शब्द कुस्तीपेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच अधिक वाचायला मिळतो. आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने शब्दांच्या अशा स्थलांतराकडे आमचे लक्ष जाते, पण प्रस्तुत लेखाचे निमित्त निराळे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत घरी आला होता. बोलता बोलता तो तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉलविषयी सांगू लागला. "सर, हंगाम संपत आला की तिथले काही संघ मुद्दाम हरतात. जो जास्त हरेल त्याला पुढच्या वर्षी चांगला खेळाडू आधी निवडायला मिळतो." शेजारी आयुष्यभर तालमीत घालवलेले एक वयोवृद्ध वस्ताद बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "आरं, मग ही नुराच की."

वस्तादांचा हा निकाल तेव्हा आम्हांला पटला होता. नंतर विचार करता तो अर्धाच बरोबर आहे असे वाटू लागले. उरलेल्या अर्ध्याचा शोध घेण्यासाठी हा लेख.

१

प्रथम अमेरिकेतील व्यवस्था समजून घेऊ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये नव्या दमाचे खेळाडू संघांत वाटून देण्याची एक पद्धत आहे, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. तिची सुरुवात बास्केटबॉलमध्ये झाली नाही, अमेरिकन फुटबॉलमध्ये झाली. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात, दुबळे संघ दुबळेच राहतात, सामने एकतर्फी होतात आणि अखेर प्रेक्षक पाठ फिरवतात, ही त्यामागची चिंता होती. उपाय सरळ होता. गेल्या हंगामात जो संघ शेवटचा आला त्याने सर्वांत आधी निवड करावी, आणि जो पहिला आला त्याने सर्वांत शेवटी.

बास्केटबॉलमध्ये ही पद्धत १९४७ मध्ये आली. १९६६ पासून दोन विभागांतील तळाच्या दोन संघांत नाणेफेक होई आणि जिंकणाऱ्याला पहिली निवड मिळे. म्हणजे आपल्या विभागात तळ गाठला की पहिल्या खेळाडूची शक्यता थेट निम्मी. जी स्पर्धा वर पोहोचण्यासाठी मांडली होती, तिच्यात खाली पोहोचण्याचीही एक स्पर्धा अशी नकळत निर्माण झाली.

ती उघड्यावर आली १९८३-८४ च्या हंगामात. ह्यूस्टनच्या संघाला आदल्याच वर्षी पहिली निवड मिळून राल्फ सॅम्पसन हा उंचापुरा खेळाडू लाभला होता. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये हकीम ओलाजुवान येणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि तो ह्यूस्टनच्याच विद्यापीठाचा. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात ह्यूस्टनचा संघ हारीने सामने गमावू लागला. शेवटच्या दिवसांतील एका सामन्यात तर अडतीस वर्षांच्या एल्विन हेझ याला जादा वेळेसह सलग ५३ मिनिटे मैदानावर ठेवण्यात आले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला क्षणाचीही विश्रांती न देता खेळवण्यामागे जिंकण्याचा हेतू होता, असे तेव्हाही फार थोड्यांना वाटले. ह्यूस्टनने ५३ सामने हरून २९ जिंकले, पोर्टलंडशी झालेली नाणेफेक जिंकली आणि ओलाजुवानला घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन निवडला गेला. पुढे १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे ओलाजुवानने ह्यूस्टनला मिळवून दिली. हरण्याचे मोल असे रोख चुकते झाले.

लीगच्या चालकांनी लगेच नियम बदलला. १९८५ पासून बाद फेरी न गाठलेल्या सातही संघांची नावे सारख्या पाकिटांत घालून सोडत काढण्यात आली. आता शेवटचा येण्यात विशेष लाभ उरला नाही. पण मग ओरड सुरू झाली, की सर्वांत दुबळ्यावर हा अन्याय आहे. म्हणून १९९० पासून अधिक हरणाऱ्याला अधिक संधी देणारी सोडत आली. १९९३ मध्ये ४१ सामने जिंकून ४१ हरलेल्या, म्हणजे बऱ्यापैकी सशक्त अशा ऑर्लँडोच्या संघाला ६६ पैकी अवघी एक संधी असताना पहिली निवड मिळाली. पुन्हा ओरड झाली आणि १९९४ पासून तळाच्या संघाची शक्यता २५ टक्के करण्यात आली. आता तळ पुन्हा मोलाचा झाला. फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापनाने २०१३ पासून हरणे हेच धोरण म्हणून स्वीकारले. तीन हंगामांत त्या संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले, प्रत्येकी ८२ पैकी. त्यांचे समर्थक या काळाला 'प्रक्रिया' असे भारदस्त नाव देत. २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलला आणि तळाच्या तिन्ही संघांना सारखी १४ टक्के संधी मिळू लागली.

हा इतिहास म्हणजे एका लंबकाची कहाणी आहे. दुबळ्याला मदत वाढवावी तर हरण्याचे आमिष वाढते, आमिष कमी करावे तर खरोखर दुबळा असलेला वाऱ्यावर पडतो. २०२३ मध्ये डॅलसच्या संघाने हंगामाच्या शेवटी, बाद फेरीची आशा शिल्लक असतानाच, प्रमुख खेळाडूंना बाहेर बसवले. आपली निवड दुसऱ्या संघाकडे जाऊ नये हा त्यामागचा हिशेब असल्याचे उघड होते. लीगने त्यांना साडेसात लाख डॉलरांचा दंड केला. दंड भरला गेला आणि निवडही त्यांच्याकडेच राहिली. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, केवळ १.८ टक्के संधी असलेल्या त्याच डॅलसला सोडतीत पहिला क्रमांक लाभला आणि ६५ सामने हरून तळाशी राहिलेला यूटाचा संघ पाचव्या स्थानावर घसरला. दैवाला विनोदबुद्धी असते, एवढेच यावर म्हणता येईल.

२

आता आपल्या मैदानात येऊ.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासात रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना खासबागेची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये मैदान तयार झाले. उद्घाटनाच्या कुस्त्यांत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड लागली. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामाचा भाऊ, आणि या दोघा भावांची दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत आमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे.

१९१० मध्ये गामा आणि इमामबक्ष लंडनला गेले होते. तिथे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला झटपट पाडले. गामाची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. झिबिस्कोने ताडले की उभे राहून लढलो तर आपण पडणार. म्हणून तो पोटावर पालथा पडून राहिला आणि जवळजवळ अडीच तास तसाच राहिला. पाठ जमिनीला लागली नाही, म्हणून कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली होती, तेव्हा तो फिरकलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळा इथे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले.

झिबिस्कोने कुणाशी संगनमत केले नव्हते, त्यामुळे त्या कुस्तीला नुरा म्हणता येणार नाही. पण नुराचे बीज मात्र तिच्यात आहे. पाठ लागली तरच हार, असा नियम आहे. हरल्यास नाव जाणार, नावाबरोबर पुढच्या कुस्त्यांचे मोल जाणार. अशा वेळी न जिंकण्याची किंमत शून्य आणि हरण्याची किंमत सर्वस्व, असा हिशेब मल्लापुढे मांडला जातो. एकाने हा हिशेब केला तर झिबिस्को होतो. दोघांनी मिळून केला तर नुरा होते.

आपल्याकडील मैदानाची अर्थव्यवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमजेल. आपल्या कुस्तीत लीग नाही, ड्राफ्ट नाही, 'जोड' आहे. गावच्या यात्रेत पंच मंडळी आणि वस्ताद मल्लाचे अंग पाहतात, त्याची मागील कामगिरी आठवतात आणि तोलामोलाचा दुसरा मल्ल त्याच्यासमोर उभा करतात. इनाम जोडीवर ठरते. ज्याची जोड मोठी त्याचे इनाम मोठे, आणि त्याची कुस्ती जाहिरातीत वर. दुबळ्याला बळकटाशी लढावेच लागत नाही, म्हणून दुबळ्याला पुढच्या वर्षी काही वाढून द्यावे हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. लीगमध्ये सगळ्यांना सगळ्यांशी खेळावे लागते, म्हणून तिथे समतोल हंगामानंतर साधावा लागतो. आपल्या मैदानात तो कुस्ती लागण्यापूर्वीच साधला जातो.

पण या व्यवस्थेत पराभव फार महाग पडतो. एखादा मल्ल मोठ्या मैदानात पडला की त्याची जोड उतरते, आणि उतरलेली जोड पुन्हा चढायला वर्षे लागतात. दूध, तूप, बदाम यांचा खुराक मात्र रोज लागतो. पोराच्या खुराकासाठी घरातील जनावर विकणारे बाप आम्ही पाहिले आहेत. असा मल्ल बरोबरीत सुटला तर दोघांचीही जोड शाबूत राहते. पुढच्या मैदानात पुन्हा हीच कुस्ती लावता येते आणि लोक पुन्हा तिकीट काढतात. नुराची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, ती फक्त लोकांच्या तोंडी राहते. म्हणून अमुक कुस्ती नुरा होती असे नाव घेऊन सांगणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. मात्र नुराची वाट कुठून फुटते, ते या हिशेबावरून स्पष्ट दिसते.

इथे संस्थानी काळाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शाहू महाराजांच्या दरबाराने मल्लांना आश्रय दिला, तालमी बांधल्या, उत्तरेकडील नामांकित मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले. ज्याच्या खुराकाची सोय दरबाराकडून होत असे, त्याला एका पराभवाने उपाशी राहण्याचे भय नव्हते. त्या काळात सारे शुद्ध होते असा भाबडा दावा आम्ही करत नाही, राजाची मर्जी हीदेखील एक जोखीमच असते. परंतु १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा मल्लामागचा तो आधार गेला. त्याच्या जागी तिकीटविक्री, यात्रा समित्या आणि इनाम देणारे हौशी धनिक आले. मल्लाचे पोट आता एकेका कुस्तीवर आले. जिल्ह्यातील काही सहकारी साखर कारखान्यांनी पुढे मानधन कुस्ती स्पर्धा सुरू केल्या. तरुण मल्लाला ठराविक रक्कम नियमित मिळत राहावी, हा त्यांचा उद्देश. दरबाराच्या आश्रयाचाच तो लोकशाहीतला अवतार आहे असे आम्हांला वाटते.

प्रेक्षकांनीही आपला उपाय शोधला. 'कुस्ती निकाली होईल' हे जाहिरातीतील शब्द त्यातूनच आले. ठराविक वेळेत कुणी चीत झाले नाही तर गुणांवर निकाल लावायचा, पण बरोबरी द्यायची नाही. झिबिस्कोसारखे पालथे पडून राहण्यात मग काही अर्थ उरत नाही.

३

आता वस्तादांच्या निकालाकडे वळू. 'ही नुराच की', असे ते म्हणाले. साम्य उघड आहे, दोन्हीकडे तिकीट काढून आलेल्या माणसाची फसवणूक होते. पण एक मोठा फरक आहे आणि तो जबाबदारीचा आहे.

नुरात ठरवणारा आणि लढणारा एकच. मल्लाला ठाऊक असते की आपण काय करत आहोत. लांग कसून मैदानात उतरताना त्याला आपल्या वस्तादाच्या डोळ्यांत पाहावे लागते. नंतर गावात तोंड दाखवावे लागते. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये मात्र मैदानावरचा खेळाडू सहसा जीव तोडूनच खेळत असतो. त्याचा पुढचा करार त्याच्या आजच्या खेळावर अवलंबून असतो, आणि मुद्दाम हरून जो खेळाडू मिळवायचा तो कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. पराभवाची योजना वरच्या मजल्यावरील कार्यालयात होते. चांगल्या खेळाडूला बाहेर बसवायचे, अनुभवी खेळाडू विकून टाकायचे, नवशिक्यांना उतरवायचे, एवढे केले की बाकीचे आपोआप घडते. पराभव होतो, पण कुणी हरल्याचे पाप घेत नाही. अडतीस वर्षांच्या एल्विन हेझने त्या ५३ मिनिटांत कुचराई केली असे कुणीही म्हटलेले नाही.

म्हणून आम्हांला ती नुरापेक्षा अधिक सभ्य आणि अधिक निर्दय वाटते. सभ्य, कारण नियम मोडला जात नाही. निर्दय, कारण ज्याच्या अंगातून घाम गळतो त्याला विचारलेही जात नाही.

हे अमेरिकेपुरते नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या पुढील फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहत होत्या. चारही जोड्या बाद झाल्या. खेळाडूंवर टीकेची झोड उठली, पण हरल्याने लाभ व्हावा अशी गटरचना ज्यांनी आखली त्यांची नावे कुणाच्या लक्षात आहेत? उलट आपल्या आयपीएलमध्ये तळाच्या संघाला पुढील वर्षी अग्रहक्काने खेळाडू मिळत नाही. लिलावात खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी असते. त्यामुळे तिथे इतर कोणतेही आरोप झाले असतील, पण शेवटचा क्रमांक मिळवण्याची धडपड दिसत नाही. युरोपीय फुटबॉलमध्ये तर तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, तिथे अखेरचे सामने जिवावर उदार होऊन खेळले जातात. माणसे सगळीकडे सारखीच आहेत, बक्षिसाची मांडणी तेवढी निराळी आहे.

४

मग दुबळ्याला आधी द्यावे हे तत्त्वच चुकीचे म्हणायचे का? निदान कोल्हापुरात बसून तरी आम्ही तसे म्हणू शकत नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. शेवटी राहिलेल्याला आधी द्यावे हा विचार या मातीत ड्राफ्टच्या कितीतरी आधी रुजला आहे. पण या दोन गोष्टींना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. महाराजांसमोर जी माणसे होती, ती शतकानुशतके इतरांनी मागे ठेवलेली होती. शेवटचा क्रमांक त्यांनी कुठल्याही हंगामाच्या अखेरीस कमावला नव्हता. बास्केटबॉलच्या लीगमध्ये मात्र दुबळेपणा केवळ हार-जितीच्या आकड्यावर मोजतात, आणि तो आकडा स्वतःच्या हाताने खाली नेता येतो. मदतीचे तत्त्व बरोबर आहे, माप चुकले आहे.

हे माप चुकण्याचे दुखणे आमच्या व्यवसायातही आहे. विद्यापीठीय स्पर्धांत खेळण्यासाठी विद्यार्थी म्हणून नाव नोंदलेले असावे लागते. आमच्या वर्गात पूर्वी एक चांगला मल्ल होता, अभ्यासातही बरा. अखेरच्या वर्षी त्याने एक पेपर दिलाच नाही. विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, "सर, पास झालो तर पुढच्या वर्षी विद्यापीठाकडून खेळता येत नाही." आम्ही त्याला रागावलो. आज वाटते, रागावायचे ते त्याच्यावर नव्हते. ज्या व्यवस्थेत उत्तीर्ण होणे हा तोटा ठरतो, तिच्याविषयी आम्ही कधी चकार शब्द काढला नव्हता. कारण त्या व्यवस्थेचा आम्हीही एक भाग होतो आणि त्याच्या पदकांचे फोटो महाविद्यालयाच्या अहवालात छापून आम्ही धन्यता मानली होती.

परवा एका गावच्या यात्रेत मैदान पाहायला गेलो होतो. मोठ्या कुस्त्यांना अवकाश होता आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू होत्या. सात-आठ वर्षांची पोरे, अंगाला माती, कुणाची लांग धड बसलेली नाही. पंचाने हातात रेवड्या ठेवायच्या आणि पोरांनी भिडायचे. एक पोरगा पडला, उठला, डोळे पुसले आणि लगेच दुसरी जोड मागायला पंचांपुढे उभा राहिला. पडल्याने त्याचे काही गेले नव्हते, आणि पडून त्याला काही मिळणारही नव्हते. जवळ बसलेल्या वस्तादांना आम्ही विचारले, "वस्ताद, यात कधी नुरा होते का हो?" ते हसले आणि म्हणाले, "ह्यात काय मिळतंय म्हणून हुईल?"